छत्री लावून बघू

गणपतीला हेदवीत गाडी नेलीत, की बोनेट उघडायच्या आत काका हजर. ओळखता तुम्ही त्यांना. तुमच्या गावात ते टॉर्च घेऊन येतात, आमच्याकडे छत्री. काळी, लाकडी मुठीची, पावसात कधीही न उघडलेली. सर आली की काका भिजतात. छत्री हे यंत्र आहे, ते भिजवायचं नसतं. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ उजव्या कानामागे दाबायची, डोळे मिटायचे आणि घराकडे तोंड करून ओरडायचं, "ती आरती जरा थांबवा रे!"

मेकॅनिक यासाठी लांब स्क्रूड्रायव्हर वापरतात, असं मी एकदा म्हटलं. "आणि ऊन लागलं तर तो डोक्यावर धरतात होय?" उन्हातही ती छत्री उघडलेली मी पाहिलेली नाही.

तिला काही वर्ज्य नाही. विहिरीवरचा पंप, आत्याचं शिलाई मशीन, झाडावरचा फणस. टिचकी मारून फणस पिकलाय का ते सांगणाऱ्यांना काका अडाणी समजतात. दशभुज गणेशाला दहा हात लागतात, आम्हाला एक छत्री पुरते, हे वाक्य ते दर वर्षी देवळाच्या पायरीवरच म्हणतात.

एका वर्षी माझी 1996 ची झेन होती. स्लोला मिसिंग मारायची, सिग्नलला उभी राहिली की हिवताप भरल्यासारखी थरथरायची. ब्रेक ऑईल आठवड्याला बोटभर कमी, पण गाडीखाली थेंब नाही. शहरातल्या गॅरेजवाल्याने मागच्या चाकांचे व्हील सिलिंडर दोनदा बदलले, कार्बोरेटर तीनदा साफ केला. ऑईल जात राहिलं, पैसेही.

"दमा कधीपासून आहे हिला?" काकांनी विचारलं. छत्री प्लगवर, छत्री कार्बोरेटरवर, आणि शेवटी ब्रेक पेडलच्या रेषेत मागे बसलेल्या त्या काळ्या डब्यावर, बूस्टरवर. तिथे ती बराच वेळ थांबली. मग त्यांनी बूस्टरकडून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी पकडीने चिमटली. थरथर थांबली! नळी काढली तर आतून ओली. तो ओलावा बोटाने पाण्याच्या तांब्यात सोडला, विरघळून गेला. "इंजिन ऑईल असतं तर तरंगलं असतं. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलंय. ऑईल बूस्टरमध्ये उतरतं, इंजिन ते ओढून घेतं आणि धुरावाटे सोडतं. चोर घरातला, आणि तुम्ही अंगणात शोधताय."

किट चिपळूणहून येईपर्यंत चावी त्यांच्या कनवटीला. विसर्जनाला आम्ही चालत गेलो, आणि वाटेत भेटेल त्याला काका कारण सांगत होते.

खरं तर मी त्यांना टाळतो. नव्या गाडीचं बोनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण. त्यावर छत्री टेकवून ते इतका वेळ उभे राहतात, की आपल्यालाच ओशाळं होतं. तीस वर्षं त्यांनी मुंबईत पद्मिनी टॅक्सी दुरुस्त केल्या. 30 ऑक्टोबर 2023 पासून त्या टॅक्सी बंद झाल्या. ती बातमी मीच मोठ्याने वाचून दाखवली. "गिअर स्टिअरिंगला होता," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ छत्रीची मूठ पुसत बसले.

परवा भरतीच्या वेळी ते बामणघळीपाशी दिसले. कातळाच्या त्या चिंचोळ्या भेगेत लाट घुसत होती आणि पाणी धडाडून वर उडत होतं. काका मागे सरून उभे, छत्रीचं टोक कातळावर, मूठ कानामागे. उजव्या बाजूने दोनदा हाक मारली. ढिम्म हलले नाहीत. डावीकडे गेलो तेव्हा दचकले.

"उजवा कान गेला रे कधीच," ते म्हणाले. "गॅरेजातच. पण हाडातून येतं. बघ."

मूठ त्यांनी माझ्या कानामागे दाबली. खालून काहीतरी प्रचंड घुमत आलं, थांबलं, पुन्हा आलं.

"स्लोला जरा मिसिंग मारतो," समुद्राकडे बघत काका म्हणाले. "बाकी इंजिन ठीक आहे."

तेवढ्यात सर आली. छत्री कुणीच उघडली नाही.