साडेचारशे वॉटच्या महोदयांस

प्रति,
मा. एसएमपीएस साहेब (कॉम्प्युटरला वीज पुरवणारे, कॅबिनेटसोबत फुकट आलेले),
टेबलाखाली, कूलरच्या तोंडाशी, नागपूर.

विषय : पहिल्या गेमिंग कॉम्प्युटरच्या उभारणीतील आपल्या योगदानाबद्दल अभिनंदन.
संदर्भ : आपल्याच अंगावरचं स्टिकर.

महोदय,

सर्वप्रथम, आपली निवड बिनविरोध झाली याबद्दल अभिनंदन. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पहिला गेमिंग पीसी घ्यायला आलेला पोट्टा प्रोसेसरसाठी चार दुकानं पालथी घालतो, ग्राफिक्स कार्डासाठी रात्ररात्र व्हिडिओ पाहतो आणि “अभ्यासालाही होते ना” म्हणत महिनाभर बापाला घोळात घेतो. आपल्याबद्दल मात्र कोणी ब्रसुद्धा काढत नाही. 50,000 रुपयांच्या यादीत आपल्या नावासमोर रकमेच्या जागी “कॅबिनेटसोबत” एवढंच लिहिलेलं असतं. असं भाग्य नगरसेवकालाही लाभत नाही.

यादीतला पैसा जातो कुठे, हे आपण आत बसून पाहताच. दुकानदारानं समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट काढलं की प्रश्न ठरलेला : “काऊन भाऊ, लाइट नाही का याच्यात?” मग काचेचं येतं, रंग बदलणारे चार पंखे येतात. तर्रीचा लालपणा पाहून पोह्यांना गुण द्यावेत, तसा हा प्रकार. जाळीतून हवा आत जाते; काचेतून फक्त उजेड बाहेर येतो.

इतर गावांत हे खपून जात असेल. इथे नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. (मे 2024 मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले. हवामान खात्यानं तपासून सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं, पण त्या दुपारी बाहेर पडलेल्या माणसाला तो आकडा खोटा वाटला नसणार.) पंखा कितीही रंगीत असला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा तो आणणार कुठून? आपल्या पोटातल्या कपॅसिटरांचं तर गणितच आहे : तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यात पोट्टा आपल्याला कूलरच्या झोतात ठेवतो, गार वाटावं म्हणून. कूलर थंडाव्याबरोबर ओल आणि धूळही पाठवतो. दोन्ही मिळून आपल्या आत जो थर बसतो, त्याला इलेक्ट्रॉनिक्समध्ये काय म्हणतात ते माहीत नाही. घरी त्याला चिखल म्हणतात.

आता आपल्या स्टिकरकडे वळू. वर ठळक अक्षरांत 450 वॉट. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक तक्ता, आणि त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 18 अँपिअर. बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा. हा गुणाकार पाचवीतल्या पोराला येतो, पण दुकानात तो कोणी करत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन खादाड याच 12 व्होल्टच्या पंगतीला बसतात. रायझेन 5 5600 ला कंपनीच्या कागदावर 65 वॉट, आरएक्स 6600 ला 132. झाले 197. त्यावर मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि ते नाचरे पंखे धरले की अडीचशेच्या घरात. मग 450 मधून 216 वजा जाता आपले उरलेले 234 वॉट असतात कुठे? काही 5 आणि 3.3 व्होल्टच्या रकान्यांत, जिथे आताच्या मशीनला फारसं काम नसतं. बाकीचे छापखान्यात.

त्यामुळे होतं असं, की डेस्कटॉपवर सगळं गुण्यागोविंदानं चालतं. ऐन सामन्यात कार्डाला भूक लागते आणि स्क्रीन काळी होते. पोट्टा ड्रायव्हरला शिव्या घालतो. दुकानदार रॅम काढून, पुसून परत लावतो. विंडोज दोनदा नव्यानं टाकलं जातं. बाप आतून विचारतो, “लाइन गेली का रे?” आणि आपण, महोदय, गरीब चेहऱ्यानं गप्प.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही मात्र सर्वस्वी आपली चूक नव्हे. आपल्या आतले फिल्टर थोडा प्रवाह पत्र्याकडे सोडतात, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे तारच नसेल तर तो पोट्ट्याच्या बोटांतून जातो. वायरमनला बोलावण्याचा खर्चही 50,000 च्या यादीत नसतो.

आपण एकटेच असे आहात, असंही नाही. आपले नातेवाईक ग्राफिक्स कार्डांतही आहेत. आरटीएक्स 3050 जानेवारी 2022 मध्ये आलं ते 8 जीबीचं, 130 वॉटचं. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच नावानं 6 जीबीचं, 70 वॉटचं आणि मंद कार्ड आलं. डब्यावरचा तेवढा एक आकडा पाहायचा राहिला की फसगत. (गंमत म्हणजे हे दुसरं कार्ड वेगळ्या वायरीशिवाय मदरबोर्डवरूनच वीज घेतं, आपली अब्रू राखेल तर तेच.) “आय सेव्हन गेमिंग पीसी” म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या डब्यात कधी 2012 सालचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर निघतो. त्याला विंडोज 11 अधिकृतपणे दारातही उभं करत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

शिवाय पोट्ट्याला खेळायचं काय असतं? बहुधा व्हॅलोरंट आणि जीटीए 5. व्हॅलोरंट सेकंदाला 144 चित्रांनी चालावा म्हणून त्याच्या निर्मात्यांनी सुचवलेलं कार्ड जीटीएक्स 1050 टीआय आहे, 2016 सालचं. जीटीए 5 च्या मूळ आवृत्तीसाठी सुचवलेलं तर त्याहून जुनं. म्हणून पत्रलेखकाचं मत असं, की खिसा तंग असेल तर पहिल्या वर्षी कार्ड घेऊच नये. रायझेन 5 5600जी घ्यावा, त्यात चित्र काढण्याची सोय आतच आहे. ती सोय रॅममधूनच उसनवारी करते, त्यामुळे 16 जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा 8 जीबीच्या दोन लावाव्यात; रस्ता दुप्पट रुंद होतो. रॅम मात्र आता स्वस्त नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी 2025 च्या अखेरीस सगळा माल उचलायला सुरुवात केली, आणि मायक्रॉननं त्या डिसेंबरात क्रुशियल हा सामान्य गिऱ्हाइकाचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. बर्डीवरच्या पोट्ट्याचा भाव असा दूर कुठेतरी ठरतो.

वाचलेले पैसे, महोदय, आपल्या वारसावर खर्च व्हावेत. त्याच्यावर 80 प्लस ब्रॉन्झचा शिक्का असावा. हा शिक्का फक्त वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, बाकीच्या चारित्र्याची हमी देत नाही. म्हणून तक्ताही वाचावा : 12 व्होल्टच्या रकान्यात 36 अँपिअर असले तर 432 वॉट होतात, आणि साडेचारशेचा दावा पटतो. असा वारस पुढच्या वर्षी कार्ड आलं तरी तोच चालतो.

सबब विनंती की आपण प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा द्यावा. तो देताना ग्राफिक्स कार्डाला सोबत नेऊ नये, एकट्यानंच द्यावा.

प्रत माहितीसाठी :
1. वडील. दुकानात डबा उलटा करून स्टिकरवरचा 12 व्होल्टचा रकाना वाचावा, मगच पैसे द्यावेत.
2. कूलर. आपलं तोंड टेबलावरून पलंगाकडे वळवावं.