कुठली स्प्रिंग?

निगडी प्राधिकरणातल्या स्पॅनिशवाल्या सरांना साधा प्रश्न विचारू नये. ‘उद्या पाणी येणार का हो?’ म्हटलं की ते विचारतात, ‘नळाला की टँकरने?’ घरच्यांनी त्यांना प्रश्न विचारणं केव्हाच सोडलंय.

असे सर आता या पट्ट्यात बरेच सापडतात. जर्मनवाले, जपानीवाले आधीपासून होतेच. पुढे फोक्सवॅगनची व्हेंटो चाकणहून आणि शेव्हरोलेची बीट तळेगावहून मेक्सिकोला निघाली, पल्सरने कोलंबियात बस्तान बसवलं, स्पेनच्या सीआयई ऑटोमोटिव्हने २०१३ साली महिंद्राशी सोयरीक केली. आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये निव्वळ हौसेने क्रियापदं घोकलेल्या मंडळींना भोसरीतल्या वर्कशॉपमधून फोन येऊ लागले. ज्यांनी सेर्व्हान्तेस वाचायला भाषा धरली, ते आता शॉकअपचे सुटे भाग वाचतात.

फोन येतो तोही कंटेनर भरून झाल्यावरच.

‘सर, स्प्रिंगला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?’

‘कुठली स्प्रिंग? वसंत ऋतू, झरा, की दाबल्यावर उडते ती?’

‘सर, आपण झरे कधी विकले?’

‘माल कुठे चाललाय?’

‘मेक्सिकोला आणि स्पेनला. दोन्हीकडे.’

‘मग मेक्सिकोला रेसोर्ते लिही. स्पेनला मुएये. पण जपून हं, मुएये म्हणजे बंदराचा धक्कासुद्धा. न्हावा-शेव्याच्या कागदांवर दोन हजार मुएये लिहिलेस, तर...’

‘सर, गाडी निघाली.’

‘निघाली म्हणजे गेटबाहेर पडली, की तळेगाव चौकात अडकलीय?’

बहुतेक वेळा चौकातच असते. चाकणच्या ट्रॅफिकने आजवर किती भाषांतरं वाचवली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मालकांना हे सगळं नखरे वाटतात. पैसे शब्दावर मिळतात, प्रश्नांचे मिळत नाहीत. म्हणून सरांचा बराचसा धंदा फुकटात चालतो. मग मालक मोबाइललाच विचारतात. मोबाइल सरांसारखा उलटा प्रश्न करत नाही, ताबडतोब उत्तर देतो, आणि त्याबद्दल सरांना त्याची कीव येते. शॉपवर ‘नट आण’ म्हटलं तर आपला पोरगा रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहाकडे धावत नाही, एवढी अक्कल यंत्राला कुठून असणार, असं त्यांचं म्हणणं. यंत्राच्या हाती दिलं, तर चाकाच्या तुएर्काचं नुएस होईल, म्हणजे प्रत्येक चाक अक्रोडांनी आवळायचं. वायसरची लावादोरा होईल आणि पोत्यात मावणाऱ्या मालावर ‘कपडे धुण्याची यंत्रं, दहा हजार नग’ असा शिक्का बसेल. फायर ड्रिलला सिमुलाक्रो म्हणायचं सोडून तालाद्रो म्हटलं, तर पाहुण्यांना वाटायचं, इथे आगीला भोक पाडतात. यातलं घडलेलं किती आणि सरांनी रचलेलं किती, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ‘घडलेलं म्हणजे कुठे?’ असं झालं असतं.

त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस मात्र वेगळाच. एका क्वालिटीवाल्याने त्यांनी भाषांतर केलेलं मॅन्युअल मोबाइलमधून उलटं करून पाहिलं. पंक्चरच्या पानावर वाक्य निघालं: गाडीखाली मांजर लावा. साहेब तापले. सर शांतपणे खुर्चीत मागे रेलले. मोटारीच्या जॅकला स्पॅनिशमध्ये गातोच म्हणतात, आणि गातो म्हणजे मांजर. चूक यंत्राची, आणि साहेबांचीही! हा किस्सा सर लग्नाच्या पंगतीत, दशक्रियेला, कुठेही सांगतात. पुढे यांतावर घसरतात: मेक्सिकोत ती टायर, स्पेनमध्ये रिम. तिथे ऐकणाऱ्याने जिलबी आणायला उठावं.

परवा एकाने त्यांना विचारलं, ‘सर, प्लांटला काय म्हणतात? कारखान्याचा की कुंडीतला, असं विचारू नका.’ सर म्हणाले, ‘प्लांता. दोन्हीला तेच.’ चटकन उत्तर दिल्याने त्यांचाच चेहरा पडला. तो पोरगा खुशीत निघून गेला. दहा मिनिटांनी सरांनी त्याला फोन लावला.

‘अरे, लिहायचं काय होतं?’

‘पत्ता, सर. थर्ड प्लांट, चाकण.’

‘तेर्सेरा प्लांता लिहिलंस? पुस! स्पेनमध्ये त्याला तिसरा मजला म्हणतात. पाहुणा तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये लिफ्ट शोधत फिरेल.’