जबलपूरचा इतिहास घरच्या घरी कसा जपावा: नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम समिती स्थापन करावी. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, एक मार्गदर्शक आणि एक कोषाध्यक्ष. कोष नसला तरी चालतो, कोषाध्यक्ष हवाच. चहा-समोसे होऊन 'शहराचा समृद्ध वारसा लोप पावत आहे' असा ठराव एकमताने मंजूर झाला की अर्धे काम झाले. सभेचा फोटो आठवणीने काढावा. बऱ्याच समित्यांच्या संग्रहात शेवटी तेवढाच एक फोटो नीट जपलेला असतो.

मग ग्रंथ. तो जाबाली ऋषींपासून सुरू करावा. जबलपुरात दुसरीकडून सुरुवात करणे बरे दिसत नाही. तिथून तेवरच्या कलचुरींकडे यावे. १५६४ साली राणी दुर्गावती रणात पडली, तिथे एक प्रकरण लावावे. १७८१ साली मराठे आले की मराठी वाचकाने जरा सावरून बसावे आणि १८१७ साली इंग्रज आले की मुकाट्याने पान उलटावे. एवढ्यात कागद संपतो. गोलबाजारात गणपती कुठे बसायचा, नाटकाचे पडदे कोण रंगवायचे, हे लिहायला जागाच उरत नाही. आणि नेमके तेच कुठल्या गॅझेटियरात सापडत नसते.

आता प्रत्यक्ष फोटो. ते मिळवायला जुन्या मराठी घरांत जावे लागते आणि जाताना कमानिया गेटजवळची खोव्याची जिलबी न्यावी लागते. रिकाम्या हाताने गेलात तर काकू म्हणतात, "माळ्यावर असतील कुठेतरी, दिवाळीच्या साफसफाईत बघते हं." जिलबी पोचली की ट्रंक त्याच दुपारी खाली उतरते. ट्रंकेतून पहिला निघतो तो भेडाघाटचा फोटो. खडकांचे कौतुक लगेच आवरते घ्यावे. संगमरवर अजून तिथेच उभा आहे, हवा तेव्हा पुन्हा टिपता येईल. नावेत बसलेल्या नऊवारीतल्या बाई मात्र पुन्हा मिळणार नाहीत. त्यांचे नाव विचारा.

दुसरा फोटो हत्तींचा. मार्च १९३९ मधले त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन, बावन्न हत्तींचा रथ, अध्यक्ष सुभाषबाबू. नवशिक्याने इथे 'रथारूढ नेताजी, दुर्लभ छायाचित्र' असे लिहून लगेच सगळ्या ग्रुपवर पाठवावे, म्हणजे पुढच्या शंभर जणांना तीच चूक तयार मिळेल. कारण सुभाषबाबू तापाने फणफणलेले होते, मिरवणुकीत नव्हतेच. रथात त्यांचा फोटो ठेवून तो मिरवला होता. जे शहर फोटोला बावन्न हत्ती जुंपते, त्याच शहरात फोटो ट्रंकेत कसरीच्या हवाली होतात, याचा खुलासा समितीने करावा. शिवाय इथल्या प्रत्येक घरातले एक आजोबा त्या हत्तींपैकी एकावर बसलेले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हिशेब केला तर बावन्न हत्ती पुरायचे नाहीत.

आजोबांना खोटे पाडू नये, पण तारखेला जरूर पाडावे. कमानिया गेट त्या अधिवेशनाच्या निमित्ताने उभे राहिले. तेव्हा फोटोत मागे ते दिसत असेल, तर पाठीमागे कुणी ठसठशीत '१९३२' लिहिलेले असले तरी मानू नये. नैनपूरकडे जाणारी छोटी लाईन २०१५ साली बंद झाली. तिचा डबा दिसला तर फोटो त्याआधीचा. माणसे मुद्दाम पोझ घेतात, पाठीमागची कमान, पाटी, रिक्षा घेत नाहीत. म्हणून आधी पाठीमागे बघावे.

तिसरा फोटो समूहाचा असतो आणि खरी परीक्षा इथेच. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर गळ्यात हार घातलेले पदाधिकारी. त्यांची नावे खाली छापलेली, पदांसकट. मधल्या रांगेत कोट-टोपीतले मास्तर. मागे बाकावर उभी पोरे, एकाने ऐन क्षणी मान हलवल्यामुळे त्याचा चेहरा पुसट. फोटो उलटावा. जांभळा, अर्धवट उमटलेला स्टुडिओचा शिक्का आणि खाली पेन्सिलीने 'गणेशोत्सव, बाळू डावीकडून तिसरा.' कोणता बाळू, कोणती रांग, कोणते साल, काही नाही. ज्याने लिहिले त्याला हे सगळे माहीत होते, म्हणून त्याने लिहिले नाही. अशा वेळी फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवावा, सगळ्या डोक्यांच्या बाह्यरेषा काढाव्या, प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि तो कागद घेऊन घराघरांत फिरावे. माझ्या मते एवढे जरी झाले तरी समिती बरखास्त करायला हरकत नाही. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल; क्रमांक सात कोण हे सांगणाऱ्या काकू नव्वदीच्या आहेत.

फोटोचा नाश करायचे खात्रीचे उपाय पुष्कळ आहेत. लॅमिनेशन उत्तम, कारण ते पुन्हा काढता येत नाही. चिकट पानांचा अल्बम, सेलोटेप आणि फोटोच्या पाठीवर दाबून चालवलेले बॉलपेनही चांगले काम देतात. मूळ प्रत परत देऊन टाकावी आणि व्हॉट्सॲपवर आक्रसून आलेली तेवढी 'संग्रही' ठेवावी, म्हणजे मोठी करून पाहिल्यावर सर्वांचे चेहरे सारखेच दिसतात आणि ओळखीवरून भांडणे होत नाहीत.

कात्रणांचे शास्त्र याहून सोपे. बातमी कात्रीने इतकी नेटकी कापावी की वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख दोन्ही रद्दीत जावे. घरोघर 'आमच्या दादांचा सत्कार' अशी निनावी, बिनतारखेची कात्रणे सापडतात ती याच कौशल्याने. हौशी मंडळी तारीख शेजारी लिहून ठेवतात आणि चांगल्या कागदावर झेरॉक्सही काढतात, कारण वर्तमानपत्राचा लाकडाच्या लगद्याचा कागद उजेड आणि पावसाळी दमट हवा लागली की पिवळा पडून पापडासारखा मोडतो. १९२३ सालचा झेंडा सत्याग्रह जबलपूरच्या टाऊन हॉलवर तिरंगा फडकला तिथून पेटला, पण गाजला नागपुरात. कात्रणे नीट ठेवली असतील तर निदान भांडता तरी येईल.

घरात नाही मिळाले तर बाहेर शोधावे. १९२० साली जबलपुरातून निघालेल्या 'कर्मवीर'चे संपादक माखनलाल चतुर्वेदी, पण त्यामागची धडपड माधवराव सप्रे यांची. (सप्रे म्हटल्यावर 'म्हणजे आपलेच' हे वाक्य निघतेच, ते एकदाच म्हणावे.) त्यांच्या नावाचे समाचारपत्र संग्रहालय भोपाळला १९८४ पासून आहे, जुन्या अंकांसाठी तिथे जावे. १९५६ पर्यंत राजधानी नागपूर असल्यामुळे सरकारी कागदांचा माग तिकडेही काढावा लागतो. तुम्ही नागपूरला लग्नाला जाणारच आहात. वरातीचा थकवा दफ्तरखान्यात काढावा. इंग्रजी सूचीत शहराचे जुने स्पेलिंग शोधायला विसरू नये, नाहीतर काही नाही असे समजून परत याल.

आता क्रमांक सात. नेपियर टाऊनच्या काकू म्हणतील, "हा तर आमच्या आत्याचा दीर." राईट टाऊनच्या काकू चष्मा पुसून सांगतील, "छे गं बाई, हा शाळेचा चपराशी, घंटा द्यायचा." दोन्ही नावे लिहावी, कोणी सांगितले आणि कधी सांगितले तेही लिहावे, आणि तिसऱ्या काकू भेटेपर्यंत कोणतेही खोडू नये.