चिरंजीवांचे कान

डनेडिन, न्यूझीलंड
१३ जुलै

ती. आईंना आणि बाबांना सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या चिरंजीवांच्या दोन्ही कानांत हाड वाढलंय. घाबरू नका, कर्करोगबिर्करोग नाही. फोनवर तो शेजारीच बसलेला असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

हर्सूल तलावावर नेलं तर काठावर बसून कणीस खाणारा तुमचा मुलगा इथे सेंट क्लेअरच्या किनाऱ्यावर फळी घेऊन लाटांवर चढतो. हिवाळ्यात समुद्र दहा अंशांच्या आसपास, वर दक्षिणेचा बोचरा वारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानाच्या नळीत आतल्या बाजूला कातडी अगदी पातळ आणि खाली लगेच हाड. १९ अंशांहून थंड पाणी वर्षानुवर्षं आत जात राहिलं आणि वाऱ्याने ते आणखी गार केलं, की ते हाड चिडतं आणि थरावर थर चढवतं; कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना, त्यातलाच प्रकार. पडद्यावर आतलं दाखवलं: पांढरट, गुळगुळीत उंचवटे आणि मधे जेमतेम फट. पाणी आत शिरतं, पण बाहेर यायचं नाव घेत नाही. म्हणून अंघोळ झाली की हा मान वाकडी करून एका पायावर उड्या मारतो. तिकडे तुमच्या नळाला आठवड्याने पाणी, आणि याच्या कानात बारमाही साठा!

याला ‘सर्फर्स इअर’ म्हणतात, पण दुखणं सर्फिंगहून फार जुनं. एरिक ट्रिंकाउस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ निअँडरथलांचे कान तपासले होते; जवळजवळ निम्म्यांत हेच हाड. सासरची वंशावळ इतकी मागे जाते, हे लग्नात कुणी बोललं नव्हतं.

आई, लसणीचं तेल कुरिअर करू नका. तेलाने हाड विरघळत नाही. फट बुजलीच तर भूल देऊन ते ड्रिलने घासून काढतात, मग काही आठवडे समुद्र बंद. आणि पुन्हा उघड्या कानांनी गार पाण्यात गेला तर पुन्हा वाढणार. सध्या कानात बोळे आणि डोक्याला घट्ट रबरी टोपी, एवढंच सांगितलंय. म्हणजे ‘कान झाकून जा रे’ हेच, फक्त इथे त्याची फी पडली.

बोळे घालून तो आरशासमोर उभा राहिला तेव्हा धाकटी म्हणाली, "बाबा, आता आई ओरडली तरी चालेल."

तर मुख्य मुद्दा. साठलेलं पाणी आणि मळ काढल्यावर ऐकण्याची चाचणी केली. ऐकणं ठणठणीत आहे. तेव्हा पैठणच्या जमिनीचा विषय काढल्यावर त्याने "आवाज येत नाहीये" म्हटलं, तर विश्वास ठेवू नका. रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली आहे, बाबांनी फाइलला लावून ठेवावी.

तुमची सून