बहिष्कार कुणावर पडतो?

बल्लारपूर म्हटलं की आपल्याला कागद कारखाना आठवतो. त्याच गावात सेंट थॉमस कॅथेड्रल आहे, हे चंद्रपुरातही फार जणांना ठाऊक नसतं. सीरो-मलबार कॅथलिक चर्चच्या चांदा धर्मप्रांताचं हे मुख्य चर्च. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे जिल्हे याच धर्मप्रांतात येतात. १९६२ साली कामाला सुरुवात झाली, १९७७ मध्ये पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

याच सीरो-मलबार चर्चने जून २०२४ मध्ये केरळातल्या एर्नाकुलम-अंगमाली इथल्या फादरांना बजावलं: ३ जुलैपासून ठरवून दिलेल्या पद्धतीने मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) केली नाही, तर तुम्ही चर्चबाहेर. वाद कशाचा? मिस्साच्या उत्तरार्धात फादरांनी लोकांकडे तोंड करायचं की वेदीकडे! पुढे तडजोड निघाली आणि ती वेळ टळली. पण धमकी कशापायी दिली गेली, हे विसरू नका.

चर्चच्या इतिहासात भलेभले धर्मगुरू बहिष्कृत झाले. १०५४ साली रोमच्या कार्डिनल हुंबर्टने कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कला, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूला, बहिष्कृत केलं आणि त्याचा कागद तिथल्याच हागिया सोफियाच्या वेदीवर ठेवला. भांडणाच्या कारणांत मिस्साच्या भाकरीत खमीर असावं की नसावं, हेही होतं. तो बहिष्कार उठायला १९६५ उजाडलं. १९८८ मध्ये आर्चबिशप लफेव्र यांनी पोपच्या परवानगीवाचून चार बिशप नेमले, ते बाहेर. २००६ मध्ये झांबियाचे आर्चबिशप मिलिंगो यांनी तेच केलं, तेही बाहेर. जुलै २०२४ मध्ये आर्चबिशप व्हिगानो यांनी पोपची सत्ता नाकारली म्हणून त्यांच्यावर बहिष्कार पडला. त्यांची मतं मला पटत नाहीत, पण मुद्दा तो नाही.

मुद्दा आहे अमेरिकेतल्या मॅकॅरिक यांचा. ते कार्डिनल होते. अल्पवयीन मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल चर्चने त्यांना दोषी धरलं आणि २०१९ मध्ये त्यांचं धर्मगुरुपद काढून घेतलं. शिक्षा झाली, पण बहिष्कार नाही. परवानगीशिवाय बिशप नेमला की चर्चच्या कायद्याने बहिष्कार आपोआप लागू होतो. मुलावर हात टाकला तर पद जाऊ शकतं, बहिष्कार होत नाही. सगळ्यात कठोर शिक्षा कशासाठी राखून ठेवली आहे, ते यावरून कळतं. ती खुर्चीला आव्हान देणाऱ्यासाठी आहे. लेकराचं आयुष्य नासवणाऱ्यासाठी नाही.

खुर्चीला आव्हान दिलं म्हणून बहिष्कार, हे आपल्या शेजारच्या गोव्यात याआधीच घडलं आहे. आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिश, जन्म १८३६, गाव वेर्णे. पणजीत त्यांनी निराधारांसाठी आश्रयघर चालवलं आणि त्यांच्या पोटासाठी स्वतः भिक्षा मागितली. पटकीच्या उपचारांवर पुस्तिका लिहिली. दुष्काळात माणसं जगावीत म्हणून कसावा लावा, असं सांगत त्यावरही लिहिलं. पण १८८६ साली पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार झाला, तेव्हा इथल्या ख्रिस्ती लोकांना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठवली. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना बहिष्कृत केलं. ते केरळच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले आणि १८८९ मध्ये मार युलियुस या नावाने बिशप झाले. गोव्यात परतले तेव्हा पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना पकडलं, अंगावरचा बिशपचा झगा उतरवला, तशाच अवस्थेत रस्त्यातून नेलं आणि कोठडीत डांबलं. धर्मपीठाचा राग सरकारी दंडुक्याने काढला गेला. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या इस्पितळात ते वारले, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला लोक लोटले. भुकेल्याला ज्याने जेवू घातलं, त्याला लोकांनी आपल्यातून काढलं नाही.

आता आपल्या गावांकडे बघा. जातपंचायत वाळीत कुणाला टाकते? पोरीने जातीबाहेर लग्न केलं, की तिच्या बापाला. पंचांचा दंड भरायला नकार दिला, की त्या घराला. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्यासाठी पंचायत बसल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? हुंडा घेणाऱ्याची रोटी-बेटी बंद झाल्याचं? आणि एकदा का शिक्षा जमावाच्या हाती गेली, की पुरावा कुणी मागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून दलित वृद्धांना आणि बायांना भर चौकात बांधून मारलं. त्यांच्यावर सिद्ध करता येईल असा गुन्हाच नव्हता.

मुंबई प्रांताने १९४९ मध्येच धर्मबहिष्काराला कायद्याने बंदी केली होती. दाऊदी बोहरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो कायदा रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार आता नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला आहे. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१७ पासून लागू आहे. दोषी ठरला त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कुठल्या पंथाने आपल्या वेदीवर कुणाला उभं करायचं, हे त्या पंथाने ठरवावं. पण कुणाचं पाणी, दुकान, दळण, मयताचा खांदा तोडायचा हक्क ना चर्चला आहे, ना पंचांना, ना गावाला. तुमच्या गावात असं घडत असेल, तर शेजाऱ्यासाठी पोलीस ठाण्यात तक्रार द्या. एकट्याने जाऊ नका, चारजण मिळून जा. आणि पंच उद्या कुणाला बाहेर काढायला बसले, तर भर बैठकीत उभं राहून विचारा: याने नुकसान कुणाचं केलं? उत्तर मिळालं नाही, तर त्या माणसाच्या बाजूला जाऊन बसा.