कुरळ्या केसांची झटपट केशरचना: अवघ्या पाच मिनिटांत, तयारी आदल्या रात्रीपासून

कुरळे केस सांभाळणे अगदी सोपे असते. ज्यांचे केस सरळ आहेत त्या सर्वांचे याबाबत एकमत आहे. तरीही ग्वाल्हेरच्या हजीरा भागात राहणाऱ्या आणि सकाळचा टेम्पो धरून कंपूतल्या कमलाराजा कॉलेजात वेळेवर पोचू पाहणाऱ्या नवशिक्या मराठी मुलींसाठी ही मार्गदर्शिका मुद्दाम तयार केली आहे. पायऱ्या क्रमाने पाळा, एकही गाळू नका. गाळली तरी निकाल तोच लागेल म्हणा, पण मग आम्हाला नावे ठेवायची सोय राहणार नाही.

१. आधी आपला प्रकार ठरवा.

अमेरिकेत ओप्रा विन्फ्रीचे केस करणाऱ्या आंद्रे वॉकर यांनी केसांचे चार प्रकार पाडले आहेत: एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे लाटांचे, तीन कुरळे आणि चार अगदी घट्ट वळ्यांचे. त्यांना पुढे ए, बी, सी अशी पोटकलमेही लागली. आरशासमोर उभ्या राहा आणि आपले कलम शोधा. कपाळापाशी दोन सी, टाळूवर तीन ए आणि मानेपाशी तीन सी निघाले तर घाबरू नका. बहुतेकींच्या डोक्यावर असे एकत्र कुटुंब नांदत असते, आणि एकत्र कुटुंबात होते तेच तिथेही होते.

हजीऱ्यात मात्र वेगळे वर्गीकरण चालते. तेच केस लग्नाच्या बायोडेटात 'किंचित वळणदार' असतात, शाळेत 'मॅगी', आत्याच्या तोंडी 'झिंज्या' आणि समोरच्या भाभींच्या मते 'बिलकुल साईबाबा'.

आत्या 'हे आले कुणाकडून?' असे विचारील तेव्हा शास्त्र सांगत बसू नका. केस ज्या कूपातून उगवतो तो वाकडा असतो, म्हणून केस वळतच बाहेर पडतो आणि केराटिनमधले गंधकाचे बंध ते वळण पक्के करतात, हे सगळे खरे आहे. पण आत्याला 'आमच्याकडे नाहीत बाई असे कुणाचे' एवढेच म्हणायचे असते. तिला म्हणू द्या. मग आईकडे बघा आणि पुढच्या पायरीला लागा.

२. पाण्याची व्यवस्था लावा.

टाळूवर तयार होणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसाच्या पहिल्या दोन-तीन वळणांतच ते अडकते. म्हणून मुळे तेलकट आणि टोके कोरडी, असा दुहेरी संसार तुमच्या वाट्याला आला आहे. त्यावर उपाय म्हणजे ओलावा धरून ठेवणे.

या बाबतीत ग्वाल्हेर भाग्यवान आहे. गावाला पाणी पुरवणाऱ्या तिघरा धरणाला विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे बसवले गेले, तेच जे १९०३ मध्ये आधी पुण्याजवळ खडकवासल्याला बसले होते. हवे तेवढे पाणी धरून ठेवायचे आणि जास्तीचे आपोआप सोडून द्यायचे. कुरळ्या केसांना नेमके हेच हवे असते. फक्त डोक्याला बसवायचे दरवाजे अजून निघालेले नाहीत.

तोवर एवढेच करा: बोअरच्या जड पाण्याने केस धुऊ नका, ते राठ होतात. नळाला पाणी येईल तेव्हा एक बादली भरून बाथरूमच्या कोपऱ्यात झाकून ठेवा आणि झाकणावर आपले नाव लिहा. सकाळी त्या बादलीतून बाबांनी स्कूटर धुतलेली असेल. शांत राहा.

३. तेल लावा, म्हणजे आधी ते बाटलीतून बाहेर काढा.

मोरेना-भिंडचा हा पट्टा मोहरीचा. शेजारी डोक्याला सरसोचे तेल लावतात, पण मराठी घर पिढ्यान्पिढ्या इथे राहूनही खोबरेलच लावणार. खोबरेल पंचवीस अंशांच्या खाली थिजते, आणि डिसेंबरात ग्वाल्हेरची रात्र दहा अंशांच्याही खाली जाते. तेव्हा निळ्या बाटलीत तेल नसते, पांढरा दगड असतो. त्यात विणकामाची सुई खुपसून बघू नका, ती आत राहते. बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करा किंवा गच्चीवर उन्हात ठेवा. ऊन दुपारी बाराला येते. तुमचा पहिला तास दहाला असतो. यात तेलाचा काही दोष नाही.

४. जवसाची जेल करा.

बाजारात कुरळ्या केसांसाठी शंभर तऱ्हेची क्रीम मिळतात. ती घेऊ नका. घरच्या घरी आणि जवळजवळ फुकट होणारी जेल पुढे दिली आहे, तिला फक्त एक संध्याकाळ लागते.

चार मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मध्यम आचेवर ठेवा आणि सतत ढवळत राहा. आधी बराच वेळ काहीच होत नाही. मग पांढरा फेस वर येतो, पाणी जडावते, आणि पळी उचलल्यावर तिच्या टोकाशी अंड्याच्या पांढऱ्यासारखी लांब तार सुटते. त्या क्षणी गॅस बंद करा. अर्धा मिनिट उशीर झाला तर आत खळ तयार होते, तिने पतंग चिकटवता येतील. गरम असतानाच पातळ सुती फडक्यातून गाळा, कारण गार झाल्यावर ती फडक्यातून हलत नाही. पिळताना बोटे भाजतील. बोटांना वेगळे काही लावायची गरज नाही, जेल लागलेलीच असते.

आजी विचारील, 'जवसाची चटणी करतात गं, डोक्याला काय लावतेस?' तिला उत्तर देऊ नका, कारण मुद्दा बिनतोड आहे. जेल बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर टिकते. बरणीवर 'खाऊ नये' असे देवनागरीत आणि ठळक लिहा. भाऊ तरी खाईल, पण मग त्याला तुम्ही जबाबदार नाही.

५. विंचरू नका.

वाळलेल्या कुरळ्या केसांतून कंगवा फिरवला की बटा फुटतात आणि डोक्याचा घेर दुप्पट होतो. केस ओले असतानाच बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर जात, गुंता सोडवा. मग जेल लावून एकेक मूठ खालून वर दाबा. टॉवेलने खसाखसा पुसू नका. परदेशात यासाठी खास मऊ टॉवेल विकतात, तुम्ही आजोबांचा पंचा घ्या. तो पलंगावर पसरा, त्यावर ओणव्या होऊन केस सोडा आणि दोन्ही टोके मागे नेऊन गाठ मारा. या अवस्थेत वीस मिनिटे राहायचे आहे. दारावरची बेल याच वीस मिनिटांत वाजते.

६. वाळू द्या आणि हात लावू नका.

मे महिन्यात लू सुटली की पारा पंचेचाळिशीला टेकतो. केस दहा मिनिटांत वाळतात, टाळूही वाळते, आणि उत्साहही. जुलै-ऑगस्टात ते वाळतच नाहीत, कारण हवेतला दमटपणा केसात शिरून रोज सकाळी ठरवलेला आकार दुपारपर्यंत रद्द करतो. जानेवारीत धुक्यात किल्ला दिसत नाही, सूर्याचे तर नावच नको, आणि ओल्या डोक्याने बाहेर निघालात तर आजी दार अडवते. उरलेले महिने उत्तम. फेब्रुवारी म्हणजे.

७. आता केशरचना करा. हीच ती पाच मिनिटे.

(अ) मोकळे केस. सर्वांत मोहक रचना. टिकाऊपणा: घर ते हजीरा चौक. पुढे टेम्पो. टेम्पोला खिडकी नसते, त्यामुळे वारा, धूर आणि धूळ तिन्ही एकदम मिळतात. एखादी बट शेजारच्या बाईंच्या पर्सच्या चेनमध्ये अडकेल. ओढू नका, चेन हळूच उलटी सरकवा. या कामात पडाव येईपर्यंत ओळख होते आणि फूलबाग येईपर्यंत त्यांच्या नणंदेच्या मुलाचे स्थळ सांगून होते.

(आ) अर्धे वर, अर्धे खाली. दोन्ही कानशिलांवरच्या बटा पिळून मागे न्या आणि दोन आकडे खोचा. आकडे तत्क्षणी दिसेनासे होतात. रात्री शोधाल तेव्हा तीन निघतील. तिसरा कुणाचा, याचा खल करू नका.

(इ) अननस. ही झोपतानाची रचना. सगळे केस कपाळाच्या वर गोळा करून सैल रबराने बांधा आणि उशीला आईच्या जुन्या साटिनच्या परकराचा अभ्रा घाला, म्हणजे केस घासले जात नाहीत. सकाळी दूधवाल्यासमोर जाण्याआधी रबर काढा. एकदा विसरलात तर तो पुढे महिनाभर नजर खाली ठेवून दूध घालतो.

(ई) क्लचर. केस गोळा करा, पिळा, क्लचर लावा. तीन सेकंद. क्लचर नसेल तर पेन्सिल चालते. पहिल्या सहा पायऱ्या पार केलेल्या बहुतेक सर्वजणी शेवटी इथेच पोचतात. सातवीपासून सुरुवात का करू नये, हा प्रश्न मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही.

स्कूटीवाल्यांसाठी सूचना: वरीलपैकी कोणतीही रचना करा. त्यावर स्टोल घट्ट गुंडाळून आणि त्यावर हेल्मेट घालून तुम्ही निघणार आहात, तेव्हा चारही सारख्याच.

पुरुषांसाठी सूचना: न्हाव्याला 'भैया, चार नंबर की मशीन' म्हणा. मार्गदर्शिका संपली.

प्रेरणा हवी असेल तर किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालात जाऊन ग्यारसपूरची शालभंजिका पाहून या. दहाव्या शतकाच्या सुमाराची ही शिल्पसुंदरी. हात तुटले, पाय तुटले, पण केशरचना अजून जागच्या जागी. कारण सोपे आहे. ती पाषाणाची आहे, टेम्पोने जात नाही, आणि कडक बंदोबस्तात असल्यामुळे 'बघू गं, खरे आहेत का' म्हणून कुणी ओढूनही बघत नाही.

८. तज्ज्ञांचा सल्ला ऐका.

तज्ज्ञ म्हणजे आत्या, मामी, भाभी आणि सासरची होऊ घातलेली मंडळी. सल्ला एकच: सरळ करून घे. पार्लरमध्ये याला रिबॉन्डिंग म्हणतात. रसायनाने गंधकाचे बंध तोडायचे, केसांवर इस्त्री फिरवायची आणि बंध पुन्हा जोडून टाकायचे. फक्त डोक्याच्या आतल्या कूपाला यातले काही कळवलेले नसते. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने पहिल्यासारखेच कुरळे केस पाठवत राहतो. पाच महिन्यांनी वर कुरळे आणि खाली सरळ, अशी दुमजली इमारत उभी राहते आणि तज्ज्ञ म्हणतात, 'टचअप करून घे.' काही केराटिन उपचारांत फॉर्मल्डिहाइडची वाफ सुटते. डोळ्यांत पाणी येते ते बिल पाहून असे समजू नका, खिडकी उघडायला सांगा.

लग्नाच्या दिवसासाठी आणखी प्रगत पद्धत आहे. वधूचे जन्मजात कुरळे केस पार्लरवाली आधी तासभर ड्रायरने सरळ करते. मग तापलेल्या टाँगवर एकेक बट गुंडाळून त्यांना कुरळे करते. मग फवारा मारून ते पक्के करते. सरळ करण्याचे पैसे वेगळे, कुरळे करण्याचे वेगळे. त्यानंतर या सगळ्याचा अंबाडा घालून वर गजरा माळतात. कार्यालयात पहिल्यांदा आत्याच म्हणते, 'अगंबाई, कर्ल्स काय सुंदर दिसतायत!' यावर हसा. फोटोग्राफर बघतो आहे.

हा सोस एकट्या ग्वाल्हेरचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कार्ल नेसलर यांनी सरळ केस कुरळे करायचे यंत्र आणले, तेव्हा बायका डोक्याला पितळी रूळ लावून तासन्‌तास बसत. म्हणजे तुमच्या डोक्यावर जे फुकट उगवते, त्यासाठी तिकडे रांगा होत्या. हे भाभींना सांगून पाहा. त्या म्हणतील, 'वो अंग्रेज़ थीं.'

९. तानसेन समारोहाला जा, जपून.

दर डिसेंबरात हजीऱ्यातच, मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनाच्या समाधीपाशी हा समारोह होतो. २०२४ मध्ये शंभरावा झाला. समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी श्रद्धा आहे. केसांसाठी तिथे कोणतेही झाड नाही, चौकशी केली आहे.

थंडीमुळे कानटोपी घालावी लागते. ती काढल्यावर केस वरून चपटे आणि खालून फुललेले दिसतात, तेव्हा एकदा घातलेली टोपी मैफल संपेपर्यंत काढू नका. काढावीच लागली तर शेवटच्या रांगेत बसा. नाहीतर मागच्या काकू खांद्यावर टकटक करतील: 'डोकं जरा खाली घे गं, तबलजी दिसत नाही.' मंचावर ग्वाल्हेरची अष्टांग गायकी रंगात आलेली असते. मींड, गमक, मुरकी, खटका, गवई स्वराला जितका वळवील तितक्या काकू डोलतात. 'वा! काय वळणं आहेत!' आणि त्याच श्वासात तुमच्या कानाशी: 'हे स्ट्रेट का नाही करून घेत तू?' काकूंना सगळा दोष देऊ नका. ग्वाल्हेर घराण्याची सपाट तानही तितकीच नावाजलेली आहे.

१०. स्वतःला गुण द्या.

सर्व पायऱ्या पार करून बाहेर पडा आणि भेटणारी पहिली नातेवाईक काय म्हणते ते ऐका.

'पार्लरला गेली होतीस?' पाच गुण. मेहनत दिसून येते आहे, ती लपवायला शिका.

'खरे आहेत?' असे म्हणून एक बट ओढली आणि स्प्रिंगसारखी परत गेल्यावर पुन्हा ओढली, तर सात गुण. मान आखडली असल्यास आठ.

'आज विंचरायला वेळ नाही मिळाला वाटतं?' दहापैकी दहा! आदल्या संध्याकाळपासून बादली, खोबरेल, जवस, पंचा आणि परकर कामाला लावून तुम्ही आताच अंथरुणातून उठल्याइतक्या नैसर्गिक दिसू लागला आहात. याच्या पुढे या शास्त्राला काही शिकवता येत नाही. 'हो ना आत्या, घाईच झाली' म्हणा आणि समोर आलेला टेम्पो पकडा.