वारा फिरला की कळवतो

थंडी ओसरणार असा अंदाज पेपरात आला, की आमच्या घरात पहिली मोहीम निघते ती माळ्यावर. "अहो, तो स्वेटर वर टाका आता." स्वेटर खाली येऊन जेमतेम चार दिवस झालेले असतात. डांबरगोळी अजून खिशातच असते आणि लोकलमधला शेजारी माझ्याकडे फलाटावरच्या मुतारीकडे बघावे तसा बघत असतो.

कोपरीची थंडी ही अशी. अंगाला लागण्याआधी ती छापून येते. त्यातही पंचाईत म्हणजे छापून येतो तो पारा सांताक्रूझचा, नाहीतर कुलाब्याचा. आम्ही पडलो ठाणे पूर्वेचे, खाडीकाठचे. मग दोघांपैकी कमी आकडा ज्याचा, तो आपला धरायचा आणि वर "आमच्याकडे खाडीचा वारा असतो ना" म्हणून आणखी दोन अंश वजा करायचे, असा मीठबंदर रोडवरचा रिवाज आहे. आमच्या मजल्यावरचे काका तर 22 जानेवारी 1962 पासून खाली उतरतच नाहीत. त्या दिवशी सांताक्रूझला 7.4 अंश नोंदले गेले, हे खरे. पण त्या पहाटे मिठागरातले पाणी गोठले होते आणि काका त्यावरून चालत पलीकडे गेले होते, याची नोंद वेधशाळेने का ठेवली नाही, ते त्यांनाच विचारावे.

हवामान खात्याचे नियम काकांइतके उदार नसले तरी कनवाळू आहेत. मैदानी मुलखात थंडीची लाट म्हणायची तर किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली जावे लागते आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश घटावे लागते. किनाऱ्याला मात्र 15 अंश चालतात. म्हणजे पाच अंशांचे ग्रेस मार्क. ते मिळूनही आम्ही सहसा नापासच होतो. तरी मथळा ठरलेला असतो, 'ठाणेकर गारठले'! तिकडे निफाडचा शेतकरी द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून भल्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवत असतो. इकडे आम्ही पंखा पाचवरून तीनवर आणतो आणि गटावर टाकतो, "काय कडाका आहे!"

2024 च्या नोव्हेंबरअखेरचा तो आठवडा मात्र कोपरीने खराखुरा गाजवला. 23 तारखेला विधानसभेचा निकाल लागला. कोपरी-पाचपाखाडीने आपला आमदार 1 लाख 20 हजारांहून जास्त मतांनी निवडून दिला. आमदार साधासुधा नव्हता, तो राज्याचा मुख्यमंत्री होता. त्याच्या तीन पक्षांच्या महायुतीला बहुमताहून कितीतरी जास्त जागा मिळाल्या आणि पुढचा मुख्यमंत्री कोण हे कोणालाच सांगता येईना. 26 ला एकनाथ शिंदे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ते काळजीवाहू झाले. काळजी कोपरीने वाहायला घेतली.

त्या दिवसांत अष्टविनायक चौकातल्या टपरीवर चाललेले बोलणे बाहेरच्या माणसाला कळलेच नसते.

"राहील असं वाटतंय."

"छे हो, वारा फिरलाय. दोन दिवसांत जाणार."

"कोण?"

"तुम्ही कोणाबद्दल बोलताय?"

दोन्ही विषयांना एकच भाषा पुरत होती. हवामान खाते म्हणत होते, पुढील 24 तासांत फारसा बदल नाही, त्यानंतर दोन ते तीन अंशांनी वाढ संभवते. पक्षांचे प्रवक्तेही तेच म्हणत होते, फक्त अंश सोडून. फरक एवढाच की खाते निदान नकाशा दाखवते.

आणि थंडी येते कुठून, तर उत्तरेकडून. हिमालयात पश्चिमी झंझावात येऊन बर्फ टाकून जातो, मागून कोरडे वारे खाली उतरतात आणि महाराष्ट्राला हुडहुडी भरते. यात राजकारण काहीच नाही, पाचवीच्या भूगोलाचे पुस्तक आहे. पण 28 च्या रात्री तिन्ही पक्षांचे नेते दिल्लीत बैठकीला बसले आणि 29 च्या सकाळी सांताक्रूझचा पारा 16.5 अंशांवर आला, नोव्हेंबरातला आठ वर्षांतला नीचांक. काकांनी दोन्ही बातम्या कात्रीने एकत्रच कापून ठेवल्या.

त्याच दिवशी शिंदे गावी गेले. गाव दरे, तालुका महाबळेश्वर. कोयनेच्या पाणफुगवट्याला लागून, म्हणजे अस्सल थंडी. तिथे त्यांना ताप आला, घसा धरला. आजारपणाची चेष्टा करू नये आणि मी करतही नाही. त्या आठवड्यात अर्धी कोपरीच खोकत होती. थंडीत हवा जड होऊन खाली बसते. स्टेशनाबाहेरच्या सॅटिस पुलाच्या खोदकामाची धूळ, द्रुतगती महामार्गाचा धूर, सगळे तिच्यातच कोंडते आणि आपण त्याला कौतुकाने धुके म्हणतो. ते धुरके असते. पण राज्यात एका घशाकडे एवढी माणसे कान लावून बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. डॉक्टर आत गेले की वाहिन्यांवर सत्तेचे एक नवे सूत्र बाहेर यायचे.

थंडी घालवली ती दिल्लीने नव्हे, बंगालच्या उपसागराने. फेंगल नावाचे चक्रीवादळ 30 नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर चढले. नाव सौदी अरेबियाने सुचवलेले, पाऊस तमिळनाडूत, आणि स्वेटर माझा माळ्यावर. पूर्वेकडून दमट वारे आले, रात्री ढग राहिले, उत्तरेच्या वाऱ्याची वाट अडली. चेंदणी कोळीवाड्याच्या मासळीवाल्या मावशींनी हे उपग्रहाविना दोन दिवस आधीच सांगितले होते. पाटीवरचे ओले फडके सरळ करत त्या म्हणाल्या, "वारा पालटलाय, बर्फ जास्त घालावा लागतोय." त्यांचा अंदाज बर्फाच्या पैशांत मोजलेला असतो, म्हणून चुकत नाही.

जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यांना आपल्याकडे मतलई वारे म्हणतात आणि समुद्राकडून येणाऱ्यांना खारे. दुपारी खारे वारे वेळेवर आले तर मुंबई-ठाणे थंडावते, उशीर केला तर भाजते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खाऱ्यांनी उशीर केला आणि सगळीकडे मतलईच सुटले होते. आमच्या छापखान्यात एकाने ते 'मतलबी' जुळवले आणि मुद्रितशोधकाला त्यात काही चूक दिसली नाही.

4 डिसेंबरला तर कहरच झाला. सांताक्रूझला कमाल तापमान 37.3 अंश, डिसेंबरातला 16 वर्षांतला उच्चांक. पाच दिवसांपूर्वी कानटोपी घालून फिरायला जाणारे गृहस्थ त्या दुपारी कोपरी कॉलनीत दाल-पकवान सोडून उसाच्या गुऱ्हाळापाशी उभे होते. त्याच दिवशी देवेंद्र फडणवीस यांची भाजपच्या विधिमंडळ नेतेपदी निवड झाली. दुसऱ्या दिवशी आझाद मैदानावर शपथविधी, ते मुख्यमंत्री, कोपरीचे आमदार उपमुख्यमंत्री. टपरीवाल्याने कपात आले जरा जास्त ठेचले आणि विचारले, "साहेब, आता हे ओसरलं म्हणायचं की चढलं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी म्हटले, कटिंग दे.

स्वेटर तोवर माळ्यावर गेला होता, नव्या डांबरगोळ्यांसह, वर दोन गाद्या. 9 डिसेंबरला सकाळी सांताक्रूझ 13.7 अंश! वादळ विरले होते, उत्तरेची वाट मोकळी झाली होती. घरातून हाक आली, "अहो, शिडी आणा." काका जिन्यात भेटले. ते 1962 वरून थोडे खाली यायला तयार दिसले, पण आले नाहीत.

तेव्हा कोपरीत नवा प्रश्न सुरू झाला होता, मंत्रिमंडळाच्या विस्ताराचा. इच्छुकांनी जाकिटे शिवून ठेवली होती. थंडी असो नसो, शपथेला जाकीट लागतेच. विस्तार 15 तारखेला झाला, तोही नागपुरात. शपथा 39 जणांनी घेतल्या, जाकिटे त्याहून पुष्कळ होती. ज्यांना फोन आला नाही, त्यांना अधिवेशनासाठी आठवडाभर तिथेच राहायचे होते, आणि डिसेंबरातल्या नागपूरला ग्रेस मार्क लागत नाहीत.